विनोदबिहारींना चित्रकलेच्या वर्गात जागा कशी झाली : एक प्रकरण अभ्यास

शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरच्या मराठी-हिंदी लेखांत 'अंधत्वावर मात' हे शब्द हटकून येतात. ते वाचून ऊर भरून येतो, पण उद्या ज्याच्या वर्गात कमी दिसणारा मुलगा येणार आहे, त्या कलाशिक्षकाच्या हाती काही लागत नाही. त्याला विचारायचं असतं ते वेगळंच : मुलाला बसवायचं कुठे, कागद कोणता द्यायचा, मदतनिसाने काय करायचं, आणि गुण कसे द्यायचे? विनोदबिहारींचं आयुष्य या प्रश्नांसाठी तपासलं, तर बरीच उत्तरं सापडतात. त्यांनी समावेशक शिक्षणाची चळवळ चालवली नाही, तशी भाषाही केली नाही. पण वर्षानुवर्षं एकाच संस्थेत आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मग पूर्ण दृष्टी गेलेला शिक्षक म्हणून त्यांनी जे केलं, तो भारतीय कलाशिक्षणातला या विषयावरचा सगळ्यात भरीव दाखला आहे.

जन्म ७ फेब्रुवारी १९०४, कोलकात्याजवळच्या बेहाल्यात. लहानपणापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला जबर ऱ्हस्वदृष्टी. नेहमीच्या शाळेत निभाव लागेना, म्हणून १९१७ साली त्यांना शांतिनिकेतनच्या शाळेत घातलं. १९१९ मध्ये तिथलं कलाभवन, म्हणजे कलाशाळा, सुरू झालं, त्या पहिल्या तुकडीत ते आले. १९२५ पासून तिथेच शिकवू लागले, सोबत ग्रंथालय आणि संग्रहालयाचं कामही आलं. १९३७-३८ मध्ये काही महिने जपानमध्ये. १९४० ते १९४७ या काळात शांतिनिकेतनच्या इमारतींतली तीन मोठी भित्तिचित्रं. मग काठमांडूच्या संग्रहालयात नोकरी, १९५१-५२ मध्ये राजस्थानात बनस्थली विद्यापीठात अध्यापन, त्यानंतर मसुरीला पत्नी लीला मुखर्जी यांच्यासह काढलेली कलाशाळा. १९५६-५७ च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलेली दृष्टीही गेली. १९५८ मध्ये ते कलाभवनात परतले, ते कलेतिहास शिकवायला. १९७२ मध्ये टाइल्सचं म्युरल (भित्तिचित्र), १९७४ मध्ये पद्मविभूषण, ११ नोव्हेंबर १९८० रोजी निधन.

प्रवेशाच्या वेळीच प्रश्न उभा राहिला होता. इतक्या अधू डोळ्यांचा मुलगा चित्रकार होऊन पुढे करणार काय, ही कलाभवनातले चित्रकार-शिक्षक नंदलाल बोस यांची शंका अगदी व्यवहारी होती. रवींद्रनाथांनी त्यावर दिलेला सल्ला विनोदबिहारींनी पुढे आठवणींत सांगितला आहे. मुलगा नेमाने येतो का, मन लावून बसतो का, एवढं पाहा. त्याच्या भवितव्याची काळजी तुम्ही करू नका, असा त्याचा आशय. शिक्षकांनी इथे नीट थांबावं असं आहे. हा सल्ला ऐकायला उदार वाटतो, खरा तर तो प्रवेशाचा निकष बदलणारा आहे. 'याला दिसतं किती' याऐवजी 'हा काम करतो का' हे तपासायचं ठरलं.

नुसता निकष बदलून भागलं नसतं. त्या काळातल्या सरकारी कलाशाळांचा पहिला धडा प्लास्टरच्या पुतळ्यावरून रेखाटनाचा असे. पुतळा मधोमध, विद्यार्थी आठ-दहा फुटांवर अर्धवर्तुळात, हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. ही रीत दूरचं स्पष्ट दिसतं हे गृहीत धरते. ऱ्हस्वदृष्टीचं गणित सोपं आहे : उणे १० नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं ते १० सेंटिमीटरपर्यंतच, उणे २० ला पाचच सेंटिमीटर. जाड चष्म्याने अंतर वाढतं, पण वस्तू लहान दिसतात आणि कडांना वाकतात. अशा मुलाला पुतळ्यापुढे बसवलं, तर महिनाभरात त्याच्या वहीवर 'प्रमाण चुकते' असा शेरा पडणार आणि तो शेरा खराही असणार. चूक मुलाची नसते, आठ फुटांची असते.

कलाभवनात नंदलालांचा, म्हणजे तिथल्या 'मास्टरमोशायं'चा भर निसर्ग पाहण्यावर आणि पाहिलेलं मागाहून आठवून काढण्यावर होता. झाडापाशी जा, हवं तितकं जवळ जा, फांदी कुठून फुटते ते बघ, मग दुसरीकडे बसून काढ. जवळूनच दिसणाऱ्या मुलाला ही रीत नकळत सोयीची ठरली, कारण पाहणं आणि काढणं या दोन क्रिया सुट्या झाल्या. पाहताना नाक झाडाला टेकलं तरी बिघडत नाही. आजच्या वर्गात हे करायला पैसा लागत नाही. मांडणीतली एक वस्तू, किंवा तिची जोडीची वस्तू, मुलाच्या बाकावर ठेवायची. पार्श्वभूमीचा कपडा वस्तूच्या विरोधी रंगाचा आणि बिननक्षीचा हवा. उजेड मुलाच्या पाठीमागून किंवा बाजूने यावा. खिडकीसमोर तोंड करून बसवलं की वस्तूची नुसती काळी आकृती दिसते. कागद चकचकीत नको. फळी २५-३० अंशांत तिरकी असावी, नाहीतर वाकून वाकून अर्ध्या तासात मान भरून येते आणि मुलगा 'कंटाळा करतो' असा समज होतो. पहिल्या रेषेसाठी एचबी पेन्सिलीऐवजी ६बी किंवा कोळसा.

विनोदबिहारींनी पुढे निवडलेले आकार पाहिले की या जवळून पाहण्याने त्यांच्या चित्राची घडणच ठरवली, हे लक्षात येतं. १९२४ च्या सुमाराचा त्यांचा शांतिनिकेतनच्या दृश्यांचा गुंडाळीपट सुमारे ४४ फूट लांब आहे आणि उंचीला जेमतेम सहा इंच. तो एका नजरेत कोणालाच दिसत नाही. उलगडत, हातभर हातभर पुढे सरकत पाहावा लागतो. पूर्व आशियाई चित्रपरंपरेचा हा आकार शांतिनिकेतनात माहीत होता, पण विनोदबिहारींच्या हातात तो फॅशन म्हणून आलेला वाटत नाही. ज्याला एका वेळी हातभरच दिसतं, त्याने असा आकार निवडला की पाहणाऱ्यालाही एका वेळी हातभरच दिसावं. चित्र आणि चित्रकार एका पातळीवर आले. 'कमी दिसणाऱ्याला मोठा कागद द्या' हा सरसकट सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. फुल इंपिरियल (सुमारे २२ बाय ३० इंचांचा) कागद टेबलावर पसरला की असा मुलगा कोपऱ्यांत हरवतो. १५ सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी, दोन्ही टोकांना रूळ आणि मध्ये ३० सेंटिमीटरचा उघडा भाग एवढी सोय केली, तर तोच मुलगा सलग काम करतो. पट्टीसाठी वर्तमानपत्राच्या छापखान्यातला उरलेला कोरा रीळ चालतो, फक्त त्यावर ओले रंग नकोत, कागद फुगतो.

शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातलं १९४६-४७ चं भित्तिचित्र हा या प्रकरणाचा गाभा. मध्ययुगीन संतांचं जीवन हा विषय, तीन भिंतींच्या वरच्या भागावर पसरलेला, ओल्या गिलाव्यावरच्या फ्रेस्को पद्धतीने केलेला. कबीर, तुलसीदास, सूरदास, गुरू गोविंदसिंग आणि त्यांच्याभोवतीची साधी माणसं त्यात आहेत. नवल हे की पूर्ण आकाराचं कार्टून, म्हणजे भिंतीवर छापायचा कच्चा आराखडा, न करता हे काम थेट भिंतीवर झालं. साहाय्यकांत तेव्हा विद्यार्थी असलेले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन होते.

एवढ्या मोठ्या भिंतीवर ऱ्हस्वदृष्टीचा माणूस हे कसं करू शकला, याचं उत्तर फ्रेस्कोच्या तंत्रातच आहे. चुना महिनोन्‌महिने पाण्यात मुरवून लोण्यासारखा करतात. भिंतीवर आधी जाड वाळूचे थर, शेवटी बारीक वाळू-चुन्याचा काही मिलिमीटरचा गिलावा. रंग फक्त पाण्यात कालवलेले असतात, त्यात डिंक नसतो की अंडं नसतं. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि रंगकण त्यात कोंडले जातात. हे व्हायला सहा-आठ तासांची मुदत, उष्ण हवेत त्याहून कमी. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा. जास्त लिंपलेला भाग संध्याकाळी कडेने तिरका कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे जायचं. थोडक्यात, फ्रेस्को सगळ्यांनाच तुकड्या-तुकड्याने काम करायला लावतो. अख्खी भिंत दुरून न्याहाळत एकेक फटकारा मारण्याची सवलत इथे डोळस माणसालाही नाही. ज्याला हाताच्या अंतरावरचंच दिसतं त्याची अडचण या तंत्रात बरीच बोथट होते; फक्त पूर्ण रचना डोक्यात पक्की असावी लागते.

चुकतं कुठे, तेही सांगायला हवं, कारण शाळेत फ्रेस्कोचा छोटा नमुना करून पाहता येतो. गिलाव्यावर बोट दाबावं : ठसा उमटला पण बोटाला चुना चिकटला नाही, तर रंगवायची वेळ आली. चिकटला तर घाई झाली, कुंचल्याबरोबर गिलावा ओढला जातो. ठसाच उमटला नाही तर उशीर झाला, रंग वर बसतो आणि वाळल्यावर हाताला भुकटी लागते. ही परीक्षा स्पर्शाची आहे, म्हणून कमी दिसणारा विद्यार्थी इथे मागे पडत नाही. तोच काम सुरू करायची हाक देऊ शकतो. रंग चुन्याला टिकणारे घ्यायचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. प्रशियन निळा चुन्यात उडतो. दिवसांचे सांधे आकृतीच्या बाह्यरेषेवर आणले तर लपतात, सपाट आकाशातून नेले तर कायमचे दिसतात. विनोदबिहारींच्या भिंतीवर माणसांची, झाडांची, घरांच्या कडांची दाटी आहे, त्यामुळे सांध्यांना जागाच जागा. नमुन्यासाठी एक फूट बाय एक फूट कौल किंवा फरशीचा तुकडा पुरे. चुन्याशी काम करताना हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना सक्तीचे. ज्याची दृष्टी आधीच अधू आहे त्याच्या डोळ्यात चुना जाणं म्हणजे अनर्थ.

या भिंतीवरचा अंध संतकवी सूरदास काहींना भाकितासारखा वाटतो. ते भावुक वाचन आहे, मला ते पटत नाही. चित्र केलं तेव्हा विनोदबिहारींना काम करण्यापुरतं दिसत होतं आणि सूरदास संतपरंपरेच्या विषयात येणारच होता.

दृष्टी गेल्यानंतर

पूर्ण दृष्टी गेल्यावर त्यांनी रेखाटनं केली, शिळाछापाची चित्रं केली, छोटी शिल्पं घडवली आणि रंगीत कागद कापून चिकटवलेली कोलाज केली. यांतलं कागदकाम शाळेला सगळ्यात जवळचं. कारण साधं आहे : पेनाची रेष काढून झाली की अंध माणसाच्या लेखी ती नाहीशी होते, कापलेला कागद मात्र हातात राहतो. कड चाचपता येते, फिरवता येतो, दुसऱ्यावर ठेवून बघता येतो, नको असेल तर उचलता येतो.

वर्गात हे करताना क्रम महत्त्वाचा. कागद १२० ते १६० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) घ्यावा. ८० ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद बोटाखाली विरतो आणि थरावर थर आला तरी कड लागत नाही. ३०० ग्रॅमचा कार्ड कागद घडी घालताना मोडतो. आधी घडी, नखाने ती पक्की करायची, मग कातर. घडी ही अंध विद्यार्थ्याची पट्टी असते. मध्य, अर्धा, पाव हे सगळं त्याला मोजून न देता मिळतं. रंगांचे कागद वेगवेगळ्या कप्प्यांत, प्रत्येक कप्प्यावर ब्रेल चिठ्ठी किंवा खूण. शिवाय प्रत्येक रंगाच्या कागदाचा एक कोपरा ठरलेल्या तऱ्हेने कापलेला असावा, म्हणजे कप्पा चुकला तरी रंग कळतो. कापलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला लगेच एक टाचणीचं भोक पाडावं, फुगवटा मागे येईल असं. हे विसरलं की तुकडा उलटा चिकटतो आणि डावीकडे जाणारा माणूस उजवीकडे जातो. कोलाजमध्ये होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आणि ती चित्र पूर्ण झाल्यावर कोणीतरी दाखवून देतं, तोवर इलाज राहत नाही.

मांडणी आधी मऊ सॉफ्टबोर्डवर टाचण्यांनी करायची, डिंक सगळ्यात शेवटी. डिंक लागलेल्या बोटांना कागद वाचता येत नाही, म्हणून शेजारी ओला आणि कोरडा असे दोन फडके हवेत. पातळ डिंकाने कागद ओला होऊन फुगतो, कड मरते; दाट खळ पाठीला पातळ लावली तर चालतं. मूळ कागदाच्या वरच्या कडेला मधोमध एक खाच ठेवली, की विद्यार्थी कितीही वेळा हात उचलून परत आला तरी वर-खाली कळतं.

रेषेचंच काम करायचं असेल तर डासांची जाळी फळीवर ताणून बसवावी, तिच्यावर कागद आणि मेणाचा खडू. रेष खरबरीत उमटते आणि बोटाने मागोवा घेता येतो. जाळी सैल राहिली तर कागद फाटतो.

एक सावधगिरी. विनोदबिहारींच्या बोटांमागे पन्नास वर्षांचं पाहणं होतं. लाल म्हणजे काय, दूर गेलेला माणूस लहान कसा दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं. जन्मांध मुलाकडून तसल्या चित्राची अपेक्षा करणं अन्याय आहे. व्हिएन्नातल्या होहे वार्टे अंधशाळेत कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांबरोबर मातीकाम केलं, त्यात त्यांना दिसलं की अशी मुलं चेहरा बाहेरून कोरत नाहीत. नाक, डोळा, ओठ असे सुटे भाग घडवून जोडत नेतात आणि जे तीव्रतेने जाणवतं ते मोठं करतात. ही घडण 'चुकलेली' समजून दुरुस्त करणारा शिक्षक त्या मुलाचं काम संपवतो.

मदतनिसाचा हात

१९७२ चं कलाभवनातलं टाइल म्युरल एकट्या माणसाने करायचं कामच नव्हे; ते डोळस चित्रकारालाही मदतीशिवाय झेपत नाही. सत्यजित राय १९४० ते ४२ कलाभवनात विनोदबिहारींचे विद्यार्थी होते. त्यांनी 'द इनर आय' या लघुपटात हे काम चालू असताना टिपलं आहे. म्युरलमधल्या आकृत्या ठसठशीत, कोनदार आणि सपाट आहेत. कागद दुमडून-कापून जे आकार मिळतात, त्यांच्याच कुळातले. लहान कागदी आकार हाताने ठरवायचा, तो मदतनिसांनी मोठा करून टाइलमध्ये उतरवायचा, ही वाटणी या आकारांना मानवते, कारण सरळ कड मोठी करताना बिघडत नाही. बारीक छटांचं चित्र दुसऱ्याच्या हाताने मोठं केलं, की ते दुसऱ्याचं होतं.

असं काम शाळेच्या भिंतीवर करायचं तर मूळ नमुन्यावर दोऱ्याने चौकटी पाडाव्यात. रेषा आखल्या तर त्या लागत नाहीत, दोरा लागतो. तुकडे आधी जमिनीवर पूर्ण मांडायचे, विद्यार्थ्याने हात फिरवून मंजूर करायचे, मगच क्रमांक घालून उचलायचे. नुकत्याच फोडलेल्या टाइलची कड ब्लेडसारखी असते; हात फिरवण्याआधी प्रत्येक कड कार्बोरंडमच्या दगडाने मारून घ्यावी. झिलईच्या साध्या भिंतटाइल्स सिमेंटमध्ये बसवण्यापूर्वी भिजवाव्यात. कोरडी टाइल मसाल्यातलं पाणी पिते आणि पावसाळ्यानंतर वाजायला लागते, मग सुटते.

सगळ्यात जास्त बिघाड मात्र सिमेंटमध्ये होत नाही, मदतनिसात होतो. तुकडा जरा तिरका बसला की त्याचा हात आपोआप पुढे येतो आणि 'सरळ' करतो. तो तिरकेपणा हवा होता की नव्हता, हे विचारायचं राहून जातं. म्हणून नियम आधीच सांगावे लागतात. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. जागा सांगताना 'इकडे-तिकडे' नाही, घड्याळाच्या काट्यांनी सांगायचं : 'तीनच्या दिशेला दोन बोटं'. 'छान झालंय' हे शब्द काम संपेपर्यंत बंद. हात धरून ओढायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे त्याला हवं तेव्हा हात काढून घेता येतो. शक्यतो दोन मदतनीस असावेत, आळीपाळीने. एकच असला की तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचीच आवड चित्रात उतरते.

अंध शिक्षकाने कलेतिहास शिकवणं हे ऐकायला अवघड वाटतं, प्रत्यक्षात वर्गाचाच फायदा होतो. शिक्षकाला चित्र दिसत नाही म्हटल्यावर विद्यार्थ्यांना ते बोलून दाखवावं लागतं. त्यासाठी क्रम ठरवलेला बरा : माप आणि माध्यम, आडवं की उभं, एकूण मांडणी, मग डावीकडून उजवीकडे तपशील, रंग शेवटी, मत त्याहून शेवटी. एका चित्राला सहा-सात मिनिटं लागतात. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच वाक्यात 'सुंदर' म्हणतात. तिथे थांबवून पुन्हा सुरू करायला लावावं.

आता गुणांकडे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायला सांगतं. कलेच्या तासाला त्याचा अर्थ बहुधा जादा वेळ एवढाच लावला जातो. पण कमी दिसणाऱ्या मुलाला स्थिरचित्राच्या पेपरला जादा वेळ दिला तरी मांडणी आठ फुटांवरच राहते. आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचे पेपर डोळ्यांसमोर आणा. स्थिरचित्र आणि कर्तव्यभूमितीत विनोदबिहारींची धडगत नव्हती. स्मरणचित्रात ते वर्गात पहिले आले असते. शाळेच्या पातळीवर शिक्षकाला अंतर्गत गुण देताना तीन गोष्टी बदलता येतात : वस्तू हाताळू देणं, रंगकामाऐवजी कागदकाम किंवा मातीकाम स्वीकारणं, आणि गुणपत्रकावर मदतनिसाने नेमकं काय केलं याची एक ओळ लिहिणं. त्या ओळीत 'मदत केली' असं लिहू नये. 'तुकडे चिकटवले, जागा विद्यार्थ्याने सांगितली' असं लिहावं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला मुलाचं काम कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, हे कळतं.